घरातला गोलघुमट

विजापूरची सहल केली नाही असा विद्यार्थी आपल्या भागात विरळाच. गोलघुमटाच्या सज्जात उभे राहून एक टाळी वाजवावी आणि ती अनेक वेळा परत यावी, ही गंमत बहुतेकांनी अनुभवली असेल. पण तिथेच चारपाच जण एकदम बोलू लागले की एकाचाही शब्द धड कळत नाही. आमच्या घरीही असाच एक लहानसा गोलघुमट नांदत होता, हे मला एका दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीत उमगले.

आमच्या बाहेरच्या खोलीत पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा होम थिएटरचा संच आहे. चित्रपट लागला की वडील थोडा वेळ बसत आणि "नुसता दणदणाट! बोलतात काय ते कळत नाही," असे म्हणून आत निघून जात. त्यांच्या वयाकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होत असू. मुलाने तर नव्या, महाग संचाचा धोशा लावला होता. पैसे खर्चण्यापूर्वी पदार्थविज्ञानाचा सल्ला घ्यावा, असे मी ठरवले.

स्पीकरचा आवाज आपल्याकडे सरळ येतो, तसाच भिंती, छत व फरशी यांवर आपटूनही येतो. या मागून रेंगाळणाऱ्या आवाजाला निनाद म्हणतात. तो फार झाला की एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहाची हीच तक्रार होती. रिकाम्या दालनात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस साबिन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या व मोजमापे घेतली. खोलीचे आकारमान वाढले की निनाद वाढतो आणि ध्वनी शोषणारे पदार्थ वाढले की तो घटतो, हा नियम त्यातून हाती आला.

आमच्या खोलीत उघडी शहाबादी फरशी आणि गुळगुळीत गिलावा, शोषणार कोण? म्हणून फरशीवर जाड सतरंजी आली, खिडकीला दुहेरी पडदा आला. बाजूच्या भिंतीवर मुलाने आरसा सरकवत नेला. सोफ्यावरून ज्या जागी आरशात स्पीकर दिसला, तिथूनच त्याचा आवाज परावर्तित होऊन येतो. त्या जागी पुस्तकांची मांडणी ठेवली.

चित्रपटातील संभाषण मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येते. आमचा हा स्पीकर शोकेसच्या खणात आत ढकललेला, पुढे शोभेच्या बाहुल्या! त्याला खणाच्या कडेपर्यंत पुढे आणले आणि त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानाच्या रोखाने केले. एवढ्यानेच शब्दांना धार आली.

दणदणाटावर मात्र सतरंजीची मात्रा चालत नाही, कारण खर्जाच्या तरंगांची लांबी कित्येक फूट असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,१३० फूट. आमची खोली १५ फूट लांब. जाऊन-येऊन ३० फूट. म्हणजे सुमारे ३८ कंपनसंख्येचा स्वर दोन भिंतींत अडकून स्थिर तरंग निर्माण करतो. त्याचा दाब भिंतीजवळ सर्वांत अधिक, आणि आमचा सोफा नेमका मागच्या भिंतीला टेकलेला! तो चार फूट पुढे ओढला. सबवूफर कोपऱ्यात होता; तिथून खोलीचे असे सगळेच स्वर चेतवले जातात. त्याची जागा शोधण्याची युक्ती सोपी आहे. तो सोफ्यावर ठेवून पखवाजवादन लावले आणि मी भिंतीच्या कडेने रांगू लागलो. घरच्यांची चांगलीच करमणूक झाली! जिथे प्रत्येक थाप स्वच्छ ऐकू आली, तीच सबवूफरची जागा. ऐकणारा आणि वाजणारा यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, हे यामागचे तत्त्व.

शेवटी वीज बंद करून तारा सोडवल्या. पुढचे डावे-उजवे स्पीकर आणि बसणारा यांचा समभुज त्रिकोण साधला. मागचे दोन, जे एक खिडकीत व एक दारामागे होते, ते दोन्ही बाजूंना किंचित मागे आणले. प्रत्येकाचे अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये भरले. एक फूट जायला ध्वनीला सेकंदाचा जवळजवळ हजारावा भाग लागतो. त्या हिशेबाने रिसीव्हर जवळच्या स्पीकरला थोडे थांबवतो आणि सर्वांचा आवाज एकदम पोचतो.

त्या रात्री आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवूनही वडील चित्रपट संपेपर्यंत बसले. मध्ये एका विनोदाला आमच्याही आधी हसले. त्यांचे कान काही तरुण झाले नव्हते. आम्ही त्यांच्या वाटेतले अडथळे तेवढे दूर केले होते. इतके दिवस खोलीचा दोष आम्ही त्यांच्या माथी मारत होतो, याची खंत वाटली.

सोमवारी वर्गात शिरताना माझे लक्ष उघड्या भिंतींकडे आणि मागच्या बाकांकडे गेले. तिथल्या विद्यार्थ्याचे लक्ष नाही असे म्हणण्यापूर्वी, माझा शब्द त्याच्यापर्यंत पोचतो का, हे आता मी आधी पाहतो.