छर्रे, अंतर आणि दोन फासे

बारा बोअरची बंदूक हे नाव आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ऐकलेले असते. पण हे ‘बारा’ कशाचे, असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. एक पौंड शिसे घेऊन त्याच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. नववीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज जमेल. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. त्याचा बारावा हिस्सा ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, म्हणून गोळीचे घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर. गोलाच्या घनफळाचे सूत्र उलटे वापरले की व्यास येतो १.८५ सेंटिमीटर. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यासही साडेअठरा मिलिमीटरच धरला जातो.

या नळीतून एकच गोळी न सुटता बहुधा अनेक छर्रे एकदम सुटतात. मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसात ते आठ-नऊच असतात. नळीबाहेर पडताच त्यांची आपसांतली धक्काबुक्की आणि हवेचा अडथळा यांमुळे ते फाकत जातात. एक ठोकळ नियम असा सांगतात की, दर यार्डाला छर्ऱ्यांचे वर्तुळ एक इंचाने वाढते. म्हणजे दहा मीटरवर त्याचा व्यास फार तर सव्वा-दीड वीत. नळी व काडतूस बदलले की यात फरक पडतो, पण अंदाजासाठी एवढे पुरे.

आता संगणकावरील खेळांकडे वळू. ‘डूम’ हा खेळ ‘आयडी सॉफ्टवेअर’ या अमेरिकन कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी बाहेर आणला. जाळ्याने जोडलेल्या संगणकांवर चार जणांपर्यंत खेळाडू त्यात एकमेकांविरुद्ध उतरू शकत. छर्ऱ्यांची बंदूक हे त्यातले सर्वांत लाडके हत्यार. पुढे आलेल्या अनेक खेळांनी तिचा कित्ता गिरवला. हाणामारीचे खेळ मला स्वतःला फारसे रुचत नाहीत, पण विद्यार्थी ते खेळतात आणि खेळताना एक तक्रार हमखास करतात: “नेम बरोबर होता, तरी लागलं नाही. संगणक फसवतो!” ही तक्रार तपासून पाहण्याजोगी आहे, आणि डूमच्या बाबतीत ती तपासता येते. कारण कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात या खेळाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. बंदूक नेमकी काय करते, ते त्यात ओळीओळीने लिहिलेले आहे.

चाप ओढला की सात छर्रे सुटतात. प्रत्येक छर्ऱ्यासाठी संगणक ० ते २५५ मधील दोन संख्या काढतो आणि पहिलीतून दुसरी वजा करतो. वजाबाकी शून्य आली तर छर्रा सरळ जातो, धन-ऋण आली तर तेवढ्या प्रमाणात एका किंवा दुसऱ्या बाजूला वळतो. जास्तीत जास्त वळण सुमारे ५.६ अंशांचे. वर-खाली फाकणे या बंदुकीत नाहीच. सातही छर्रे आडव्या एका पातळीत पसरतात. खऱ्या बंदुकीचा कोन वरच्या ठोकळ नियमाने मध्यरेषेपासून जेमतेम पाऊण अंशाचा येतो. म्हणजे खेळातली बंदूक खरीपेक्षा सातपट फाकते. ही चूक नव्हे. खऱ्यासारखी ठेवली असती तर ती साधी बंदूकच झाली असती आणि वेगळे हत्यार देण्यात अर्थ उरला नसता.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळी गंमत त्या वजाबाकीत आहे. एकच संख्या काढून कोन ठरवला असता तर मधला छर्रा आणि कडेचा छर्रा सारख्याच वेळा आले असते. वजाबाकीने तसे होत नाही. एक तांबडा आणि एक निळा असे दोन फासे घ्या आणि तांबड्यातून निळा वजा करा. छत्तीस शक्यतांपैकी शून्य सहा वेळा येते, +१ पाच वेळा, +२ चार वेळा, आणि +५ फक्त एकदा (तांबडा ६, निळा १). ऋण बाजूलाही तसेच. आलेख काढला तर मध्ये उंच व दोन्हीकडे उतरता असा त्रिकोण मिळतो. म्हणून छर्रे मध्याकडे दाटतात आणि कडेला विरळ होतात.

हीच गोष्ट भूमितीने फळ्यावर दाखवता येते. एक चौरस काढा. आडव्या बाजूवर पहिली संख्या, उभ्या बाजूवर दुसरी. दोन्हींतला फरक कमी असणारे सारे बिंदू कर्णाच्या दोन्ही अंगांना पट्ट्यासारखे पसरतात, आणि उरतात ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन काटकोन त्रिकोण. ते एकमेकांना जोडले की एक लहान चौरस होतो. समजा, लक्ष्याची अर्धी रुंदी ही छर्ऱ्यांच्या फाकण्याच्या अर्ध्या रुंदीच्या ‘क्ष’ पट आहे. मग छर्रा चुकण्याची संभाव्यता (१ − क्ष) चा वर्ग, आणि लागण्याची १ वजा तो वर्ग. सूत्र पाठ करण्याची गरजच नाही, आकृतीतून ते दिसते.

आता आकडे घालू. खेळातला माणूस ५६ एकक उंच आणि ३२ एकक रुंद असतो. (उंचीवरून एक एकक सुमारे तीन सेंटिमीटर धरले तर हा गडी जवळजवळ मीटरभर रुंद होतो. कपाटच म्हणा ना!) ५.६ अंशांचा टॅन ०.०९८. तेव्हा १६० एककांवर छर्ऱ्यांचा पसारा मध्यापासून १५.७ एककांचा, म्हणजे माणसाच्या अर्ध्या रुंदीहून किंचित कमी. नेम मधोमध असेल तर सातच्या सात छर्रे लागणारच. अंतर दुप्पट करून ३२० एकके केले की क्ष निम्मा होतो, पण लागण्याची संभाव्यता निम्मी होत नाही. ती ७६ टक्के राहते आणि सरासरी पाचांहून अधिक छर्रे लागतात. छर्रे मध्याकडे दाटलेले असल्याचा हा फायदा. ६४० एककांवर सरासरी तीन आणि १२८० वर दोनांहूनही कमी. “नेम बरोबर होता” हे विद्यार्थ्याचे म्हणणे खरेच असते. पण लांबून बरोबर नेमाचाही अर्थ सातांपैकी दोन छर्रे एवढाच.

लागलेला प्रत्येक छर्रा ५, १० किंवा १५ गुणांची इजा करतो. तीनही सारख्याच संभाव्य धरले तर सरासरी १०. खेळाडू सुरुवात करतो तो १०० गुणांच्या प्रकृतीने. म्हणून सातही छर्रे लागलेल्या बाराची सरासरी इजा ७०, कमीत कमी ३५ आणि जास्तीत जास्त १०५. एका बारात धडधाकट प्रतिस्पर्धी आडवा होईल का? त्यासाठी किमान १०० गुण हवेत. तीन घात सात म्हणजे २१८७ शक्यतांपैकी फक्त आठ तशा आहेत: सातही छर्रे १५ चे ही एक, आणि सहा १५ चे व एक १० चा अशा सात. म्हणजे २७३ बारांत एकदा. उलट, दोन पूर्ण बार लागूनही प्रतिस्पर्धी उभा राहणे हे हजारांत दोनदाच घडेल. याचा अर्थ, चांगल्या खेळाडूने पहिल्या बारावर नव्हे, तर दुसऱ्या बारापर्यंतच्या वेळेवर योजना आखायला हवी.

तो वेळ किती? खेळातले घड्याळ सेकंदाला ३५ टोले देते आणि दोन बारांमध्ये सेकंदाहून किंचित जास्त काळ जातो. धावणारा खेळाडू एका टोल्यात सुमारे १६.७ एकके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५८० एकके काटतो. तेव्हा ६४० एककांवरच्या शत्रूवर बार टाकला, तर त्याची तीन छर्ऱ्यांची किरकोळ इजा होते आणि आपली बंदूक पुन्हा तयार होईतो तो अंगाला येऊन भिडतो. मुरलेले खेळाडू दाराच्या चौकटीआड किंवा खांबाआड का उभे राहतात, ते यावरून कळेल. आडोशामुळे शत्रू दिसतो तेव्हाच तो जवळ आलेला असतो, आणि बार टाकून पुन्हा आड झाले की मधला सेकंद फुकट मार खाण्यात जात नाही. मोकळ्या पटांगणात ही बंदूक घेऊन धावणारा खेळाडू शूर असेल, पण त्याचे त्रिकोणमिती कच्चे आहे.

१९९४ साली ‘डूम २’ मध्ये दुनळी बंदूक आली. ती दोन काडतुसे एकदम उडवते, पण छर्रे चौदा नव्हे, वीस सुटतात. आडवे फाकणे दुप्पट, ११.२ अंश, शिवाय वर-खाली सुमारे सात अंश. पुन्हा भरायला दीडपट वेळ. मग कोणती बंदूक चांगली? विद्यार्थ्यांत यावर वाद रंगतात. वरचीच रीत वापरून पाहू. ८० एककांवर दुनळीचे वीसही छर्रे लागतात. सरासरी इजा २००. पण सरासरीपेक्षा इथे किमान महत्त्वाचे. वीस छर्रे, प्रत्येकी किमान ५, म्हणजे किमान १०० गुण! चिलखत नसलेला, १०० गुणांचा प्रतिस्पर्धी या अंतरावर निश्चित बाद होतो. नशिबाचा संबंधच संपला. (हिरवे चिलखत इजेचा तिसरा हिस्सा झेलते, मग ही खात्री राहत नाही.) १६० एककांवर दुनळीची सरासरी १५१ आणि एकनळीची ७०. ३२० वर दुनळीचे आठ छर्रे लागतात, इजा ८०, एकनळीची ५३. वेळ दीडपट असल्याने दोन्हींचा वेग तेथे सारखा होतो, आणि दुनळी काडतुसे मात्र दुप्पट खाते. ६४० वर तर एकनळीचा एक बार दुनळीच्या बारापेक्षा जास्त इजा करतो, ३१ विरुद्ध २७. म्हणजे वाद घालणारे दोघेही बरोबर असतात. एक जण बोळात खेळत असतो आणि दुसरा पटांगणात.

राहिला प्रश्न फसवण्याचा. संगणक त्या यादृच्छिक संख्या कोठून आणतो? डूममध्ये २५६ संख्यांची एक ठरलेली यादी आहे: ०, ८, १०९, २२०, २२२, २४१ अशी ती सुरू होते. त्यात काही संख्या दोनदा येतात, काही मुळीच येत नाहीत. गरज पडेल तशी संगणक पुढची संख्या उचलतो आणि यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे खरे नशीब यात कोठेच नाही! वर मी ‘२७३ बारांत एकदा’ म्हटले, ते फासे प्रामाणिक धरून. अशा छोट्या यादीत काही जुळण्या कधीच पडत नाहीत, असेही होऊ शकते. पण यादी ठेवण्यामागे वेगाखेरीज आणखी एक कारण होते. चार संगणक जोडलेले असताना छर्रा कोठे गेला हे ते एकमेकांना कळवत नाहीत. कोणी कोणती कळ दाबली, एवढेच कळवतात आणि प्रत्येक संगणक सारा हिशोब स्वतंत्रपणे करतो. चौघांचा हिशोब जुळायचा तर चौघांनी त्याच क्रमाने त्याच संख्या उचलायला हव्यात. एकाने जरी एक संख्या जास्त उचलली, तरी त्याच्या पडद्यावर जिवंत असलेला गडी दुसऱ्याच्या पडद्यावर मरून पडेल. म्हणून चौघांकडे यादी एकच. संगणक एखाद्याला फसवू लागला, तर तो चौघांच्या पडद्यांवर अगदी सारखेच फसवील.

संगणकाशिवाय हा खेळ वर्गात खेळता येतो. आलेखाच्या कागदावर −५ ते +५ असे अकरा रकाने पाडा. मधले तीन रकाने, म्हणजे −१ ते +१, हे लक्ष्य. तांबडा-निळा फासा सात वेळा टाकून वजाबाकीच्या रकान्यात ठिपके द्या. हा झाला एक बार. लक्ष्यात पडलेल्या प्रत्येक ठिपक्यासाठी तिसरा फासा टाका: १-२ आल्यास ५ गुण, ३-४ ला १०, ५-६ ला १५. छत्तीसांपैकी सोळा शक्यता लक्ष्यात पडतात, ४४ टक्के. म्हणजे विद्यार्थी जवळजवळ ६४० एककांवरून बार टाकत आहेत. लक्ष्य पाच रकान्यांचे केले की ते पुढे सरकले, २४ शक्यता, ६७ टक्के. प्रत्येक गटाने दहा बार टाकून सरासरी काढावी आणि सगळ्या गटांच्या सरासऱ्या फळ्यावर मांडाव्यात. तीन रकान्यांसाठी हिशोबाने ३१ गुण यायला हवेत. एखाद्या बाराला शून्य आले की वर्गात “फसवलं!” अशी ओरड होईल. ती होऊ द्यावी आणि सातही छर्रे चुकण्याची संभाव्यता त्याच विद्यार्थ्याला काढायला सांगावी. ५/९ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ६० बारांत एकदा. वर्गात आठ गट असतील तर ऐंशी बारांत ते एखाद्या वेळी दिसायचेच.

वेळ उरला तर एक बदल करून पाहावा. याच कंपनीच्या १९९६ मधील ‘क्वेक’ या खेळात वजाबाकी नाही. छर्रे ठरावीक चौकटीत सगळीकडे सारखेच पडतात. त्यासाठी अकरा रकान्यांना अकरा चिठ्ठ्या करून डब्यातून एक-एक काढावी आणि प्रत्येक वेळी ती परत टाकावी. तीन रकान्यांच्या लक्ष्यात आता अकरांपैकी तीनच शक्यता उरतात. ठिपक्यांचे दोन्ही कागद भिंतीवर शेजारी-शेजारी लावले, तर कोणता कोणत्या बंदुकीचा, हे मागच्या बाकावरूनही ओळखता येते.