डुप्लिकेट म्हणजे खोटं?

लिंकिंग रोडवर पर्स घेताना आपण बिनधास्त विचारतो, 'ओरिजिनल की डुप्लिकेट?' तोही हसून 'फर्स्ट कॉपी' म्हणतो. सगळा मामला राजीखुशीचा! पण हाच 'डुप्लिकेट' ऑफिसच्या कागदात शिरला की काय होतं, ते मी पाहिलंय.

मी एका कंपनीत एचआरमध्ये होते तेव्हाची गोष्ट. नव्याने सिलेक्ट झालेल्या एका मुलीची बॅग लोकलमध्ये गेली होती, मार्कशीटसकट. तिने पोलिसांत तक्रार नोंदवली, युनिव्हर्सिटीत फी भरली आणि रीतसर दुसरी मार्कशीट काढली. त्यावर ठळक शिक्का, 'डुप्लिकेट'. आमच्या टीममधल्या एका हिरोने शेऱ्याच्या रकान्यात तेवढाच शब्द उतरवला. वरच्या साहेबांनी अर्थ घेतला लिंकिंग रोडवाला! पोरीचं जॉइनिंग तीन आठवडे लटकलं. आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊन बसलेली बिचारी...

इंग्रजीत 'डुप्लिकेट' म्हणजे साधी दुसरी प्रत. त्यात कुणावर आरोप नाही, खोटेपणाचा वास त्याला आपल्या बाजारात लागला. साहेबांच्या मनात जे आलं, त्यासाठी शब्द आहे 'फोर्ज्ड'. कुणीतरी मुद्दाम बसून कागद रचला, सही मारली, मार्क वाढवले, तर ते फोर्ज्ड. हा शब्द जपून लिहा बरं का! फोर्जरी हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३३६मध्ये आहे. म्हणजे तुम्ही नुसतं कागदाला नाव ठेवत नाही, कुणा माणसावर बोट ठेवता.

'फेक' त्या मानाने फ्री साइज. प्रोफाइल, स्माइल, बातमी, सगळ्यांना बसतो. (कवळी मात्र इंग्रजीत 'फॉल्स' असते. आजोबा कुणाला फसवत नसतात ना!) 'काउंटरफिट' लागतो तो किमतीच्या मालाला: नोटा, नाणी, ब्रँडेड घड्याळं. बँकेत खोटी नोट निघाली की तिच्यावर 'काउंटरफिट नोट' असा शिक्का बसतो आणि ती जप्त होते, बदल्यात छदामही मिळत नाही. गंमत म्हणजे कायद्याच्या व्याख्येत नक्कल हुबेहूब असायची गरज नाही. फसवायचा इरादा असला की पुरे.

माझा लाडका शब्द मात्र 'बोगस'. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खोटी नाणी पाडायच्या यंत्रालाच 'बोगस' म्हणत! आपण तर तो इतका घरचा केलाय की मतदार बोगस, बियाणं बोगस, शुक्रवारी पाहिलेला पिक्चरही बोगस. पण त्याची खरी खोच वेगळी आहे. बोगस डॉक्टरचा स्टेथोस्कोप अस्सल असतो, खोटा असतो तो त्याचा दावा. बिलांचंही तसंच. व्हेंडरच्या खऱ्या बिलातला आकडा कुणी खोडून बदलला तर ते फोर्ज्ड. व्हेंडरने स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या सहीने, न केलेल्या कामाचं बिल पाठवलं तर ते बोगस. अकाउंट्सवाल्यांनो, चौकशी कुणाची करायची हे इथेच ठरतं!

औषधांच्या दुनियेत तर कायदाच शब्द मोजून वापरतो. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात 'मिसब्रँडेड', 'अ‍ॅडल्टरेटेड' आणि 'स्प्यूरिअस' असे तीन वेगळे प्रकार आहेत. लेबल दिशाभूल करणारं, मालात भेसळ, आणि दुसऱ्याच औषधाच्या नावाने विकलेलं औषध. आपण तिन्हींना 'नकली गोळ्या' म्हणून मोकळे होतो.

माणसांसाठी आपल्याकडे 'तोतया' हा झकास शब्द आहे. १७६१च्या पानिपतानंतर 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणत एक जण उभा राहिला, तो तोतया. इंग्रजीतला 'इम्पोस्टर' तोच. 'फोनी' मात्र वेगळा. तो नाव बदलत नाही, फक्त अ‍ॅक्सेंट बदलतो. प्रत्येक ऑफिसात एक तरी असतोच!

आणि 'फो लेदर'? फ्रेंचमध्ये 'फो' म्हणजे चक्क खोटं. पण टॅगवरच लिहिलेलं असल्यामुळे फसवणूक नाही, इमिटेशन ज्वेलरीसारखंच. फक्त फ्रेंच नावाचे चार पैसे जास्त.

तर पुढच्या वेळी कुणाच्या कागदावर शेरा मारायचा असेल, तर 'डुप्लिकेट'च्या पुढे 'इश्यूड बाय युनिव्हर्सिटी' एवढं टाइप करायला पाच सेकंदं लागतात. नुसती शंका असेल तर 'नॉट येट व्हेरिफाइड' लिहा आणि युनिव्हर्सिटीला फोन लावा.