ट्रॅक्टरची किंमत कशी ताडून पाहावी

गेल्या फाल्गुनात नववीतील एक विद्यार्थी दोन कागद घेऊन आमच्याकडे आला. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या ट्रॅक्टरची दोन विक्रेत्यांनी दिलेली ती कोटेशने होती. एकावर ६,४०,००० रुपये, दुसऱ्यावर ६,६८,०००. "वडील उद्या स्वस्ताचा विसार देणार आहेत; सर, आपण एकदा पाहा," असे तो म्हणाला. शेतीवर कर्ज काढून घ्यावयाची वस्तू, तेव्हा आम्ही तो अंकगणिताचा तास त्यालाच दिला.

पहिल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, विमा, नोंदणी, हूक, बंपर व छत यांचा आकार वेगळा पडेल. विचारणा करता तो ४१,५०० रुपये निघाला. म्हणजे एकूण ६,८१,५००. दुसऱ्याने हे सर्व आधीच धरले होते. महाग म्हणून बाजूस ठेवलेला ट्रॅक्टर १३,५०० रुपयांनी स्वस्त ठरला!

कोटेशनची तारीखही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत सहा लाख धरल्यास पूर्वी ६,७२,००० पडत, आता ६,३०,००० पडतात. शेजाऱ्याच्या जुन्या पावतीशी नवा भाव ताडून "केवढी सूट मिळाली" असे समाधान मानणे व्यर्थ होय. कंपन्या दोन असतील तर केवळ इंजिनाची अश्वशक्ती पाहू नये. रोटाव्हेटर व मळणीयंत्र पीटीओच्या दांड्यावर चालते, आणि तेथे पोहोचणारी शक्ती कमी असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील सरकारी संस्था ट्रॅक्टरची परीक्षा करते; तिच्या अहवालात ती मोजलेली सापडते.

परंतु खरा खर्च पुढेच आहे. ट्रॅक्टर एकदा घ्यावयाचा. फिल्टर, क्लचप्लेट, बेअरिंग ही वारंवार. भाव विचारताना "ऑइल फिल्टर केवढ्यास?" एवढेच विचारू नये, त्याचा पार्ट नंबर सांगावा, नाही तर दोन दुकानदार दोन निराळ्या वस्तूंचे भाव सांगतात. कित्येक भाग ट्रॅक्टरची कंपनी स्वतः करीत नाही, दुसऱ्या कारखान्यांकडून घेते. तोच भाग त्या कारखान्याच्या खोक्यात पुष्कळदा कमी किमतीस मिळतो. ही काटकसर योग्य. नकली मालाची गोष्ट मात्र निराळी. नकली फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या थोड्या व डिंक कच्चा असला की, न गाळलेले तेल इंजिनात जाते आणि बेअरिंग झिजतात. फिल्टरात वाचलेले रुपये अशा रीतीने इंजिनाच्या दुरुस्तीत जातात. खोक्यावरची छापील कमाल किंमत वाचावी व पक्की पावती मागावी. पावती देण्यास जो कां कूं करतो त्याचा स्वस्त भाव आम्ही भावच समजत नाही.

शिवाय भाग जवळ मिळतो काय? मृगाचा पाऊस पडून वापसा आला असता क्लचप्लेटकरिता चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला, तर त्या चार दिवसांची किंमत कोणत्याही कोटेशनावर लिहिलेली नसते.

मुलाच्या वडिलांनी आमचे गणित पहिल्या विक्रेत्यास दाखविले. त्याने हूक, बंपर व छत फुकट देऊ केले. तरी तो काहीसा महागच राहिला. वडिलांनी ट्रॅक्टर मात्र त्याच्याचकडून घेतला, कारण सुट्या भागांचे त्याचे दुकान आठवड्याच्या बाजाराच्या गावी आहे आणि दुसऱ्याचे साठ किलोमीटर दूर. विसार देण्यापूर्वी मुलाने नेहमी लागणाऱ्या पाच भागांचे नंबर व भाव वहीत उतरवून घेतले. ती वही आता ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत असते.