प्रवाह मंदावतो तेथे

कोलेस्टेरॉल, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू यांचा परिणाम सर्व रक्तवाहिन्यांवर होत असला, तरी धमनीकाठिण्य, म्हणजे धमनीच्या भिंतीत मेद साचून ती जाड व कठीण होण्याचा विकार, सर्वत्र सारखा पसरत नाही. तो फाट्यांशी आणि वळणांवर अधिक आढळतो. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेचा गाळ वळणाच्या आतल्या, संथ काठाला बसतो, तसेच हे वरवर भासते. मात्र धमनीचे अस्तर प्रवाह जाणणाऱ्या जिवंत पेशींचे असते.

वाहते रक्त या अस्तरावर जे घर्षण निर्माण करते, त्याला कर्तन प्रतिबल म्हणतात. सरळ भागात ते पुरेसे आणि एकाच दिशेचे असल्याने पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात व धमनी शिथिल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तयार करतात; फाट्याच्या बाहेरच्या भिंतीशी मात्र प्रवाह मंदावून मागेपुढे हेलकावतो, मेदकण आत शिरतात आणि दाह सुरू होतो. तीव्र घर्षणानेच अस्तराला इजा होते, या विचाराला छेद देत लंडनमधील कॉलिन कॅरो व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये कमी घर्षणाच्या जागा विकारप्रवण असल्याचे मांडले.

म्हणूनच मानेच्या डॉप्लर सोनोग्राफीत, मेंदूला रक्त नेणारी धमनी जेथे दुभंगते, ती जागा बारकाईने पाहिली जाते. प्रवाह विकाराची जागा ठरवतो. त्याची वाढ रोखण्यासाठी मात्र रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांवरच नियंत्रण ठेवावे लागते.