जाळीखालची मलमल

तमिळनाडूत पापनाशमजवळचं तिरुक्करुगावूर म्हणजे गर्भरक्षांबिकेचं गाव. दिवस गेलेल्या बायका इथे सुखरूप सुटकेचं मागणं घेऊन येतात, प्रसादाचं एरंडेल नेतात आणि पुढे बाळाला घेऊन नवस फेडायला पुन्हा येतात. देवळातल्या पाळण्यात बाळाला घालतात. त्या दिवसासाठी आजीनं काही विणायला घेतलं की पहिली अडचण हवेची. आपल्या बाळंतविड्यातलं लोकरीचं टोपडं नि स्वेटर कावेरीकाठच्या उकाड्यात पेटीतून बाहेर निघायचंच नाही. तिथे हवा सुती धागा आणि जाळीची वीण.

जाळी विणायची म्हणजे हिशेब आलाच. धागा सुईवरून पुढे घेतला की एक टाका वाढतो आणि त्याच्याखाली भोक राहतं. वाढलेला टाका दोन एकत्र विणून फेडायचा, नाहीतर कापड पसरत जातं. गंमत अशी, की फेड भोकाला लागूनच करायला हवी असं नाही. शेटलंड बेटांवरची ‘ओल्ड शेल’ नक्षी १८ टाक्यांची. दोन्ही कडांना तीन-तीन जोड्या एकत्र विणायच्या, मधल्या सहा टाक्यांपैकी प्रत्येकाआधी धागा पुढे घ्यायचा. कडांना कापड आवळतं, मध्ये फुलतं, आणि सरळ विणलेल्या ओळींना आपोआप लाटा येतात. हे सगळं चार ओळींतल्या एकाच ओळीत. बाकीच्या तीन ओळी बोलता बोलता होतात.

सुताचा मात्र स्वभाव वेगळा. लोकर ओढली की परत येते, सूत ओढलं की तिथेच राहतं. म्हणून तुकडा आधी विणून, धुऊन, वाळवून मोजावा. याचा कंटाळा करून विणलेलं झबलं दुसऱ्या धुण्याला परकर होतं!

जाळी थेट बाळाच्या अंगावर घालू नये. इवली बोटं भोकांत अडकतात. खाली मऊ मलमलीचं झबलं, वर जाळीचा थर. मला विचाराल तर मलमल पांढरी नको; फिकट हळदी रंगावर पांढरी जाळी उठून दिसते. पांढऱ्यावर पांढरी म्हणजे केलेली सगळी मेहनत झाकली जाते.

तमिळ मुलखाला लेस नवी नाही. १८१९ मध्ये नागरकोइलला आलेल्या मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी तिथल्या मुलींना लेस शिकवली. पण ती उशीवर टाचण्या खोचून, फिरक्यांवरचे धागे एकमेकांत गुंफून केलेली. तिच्यात सुयांचे टाके नाहीत. सुती विणकामाचं आजचं मोठं गाव तिरुप्पूर, तेही यंत्रांचं. त्या यंत्रांचा पूर्वज म्हणजे विल्यम ली यानं १५८९ मध्ये बनवलेला मोजे विणायचा माग. त्यावर टाका शेजारच्या सुईवर सरकवून भोक पाडण्याची युक्ती अठराव्या शतकात आली. आजीच्या हातातलं ‘दोन एकत्र’ तेच, फक्त यंत्राला चुकलेली ओळ उसवता येत नाही.

तयार जाळी ओली करून टॉवेलवर टाचण्यांनी ताणायची. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मग झबल्याला फक्त गळ्याशी आणि खांद्यांवर टाचायची, खालून मोकळी. बाजूच्या शिवणीत पक्की बसवली तर बाळ वाढल्यावर दोन्ही थर वाया जातात. टाचलेली असेल तर चार टाके उसवून ती पुढच्या मापाच्या झबल्यावर चढते, आणि पाळण्यातलं बाळ रांगायला लागलं तरी अंगावर असते.