सांगा, सही करू का?

पहाटे साडेपाच, अमरावती

डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, आणि या दिवसांत आमच्या पथनाट्याचं वेळापत्रक कापूसच ठरवतो. बाया सकाळी वावरात जातात त्या थेट दिवस मावळताना परततात आणि आल्या-आल्या चुलीला लागतात. दिवसा गावात गेलं तर पारावर बुडे आणि रिकामे पोट्टे तेवढे भेटतात. ज्यांच्यासाठी नाटक करायचं त्या नसतातच. म्हणून गावातला प्रयोग रात्री, दुपारी एखादं कॉलेज आणि तालीम ही अशी पहाटे, शाळेच्या एका मागून घेतलेल्या खोलीत, स्वेटर घालून.

नाटक पंचवीस मिनिटांचं. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची बायको, तिची दोन लेकरं, सासरा आणि दीर. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर एक लाख रुपये मिळतात: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. शेत कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, थकलेलं की नाही, हे सगळं तपासून समिती ठरवते. आमच्या नाटकातलं प्रकरण अपात्र ठरतं. मग एका संध्याकाळी दीर वहिनीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो.

आज सगळा वेळ दिराच्या आवाजावर गेला. भूमिका करणारा मुलगा नवा आहे. तो डोळे वटारतो, मिशीवर ताव देतो, सिनेमातला खलनायक होतो. मी त्याला पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, तू चांगला माणूस आहेस. भावाच्या तेरवीला तूच धावपळ केलीस, लेकरांना खाऊ तूच आणतोस. “वहिनी, मी हावो ना. तुमी कायले कचेरीचे चकरा मारता?” हे प्रेमानं म्हण. गावात बाईचा हक्क जातो तो बहुतेक वेळा अशा मायाळू आवाजातच. खलनायक दाखवला की प्रेक्षकातला प्रत्येक दीर सुटतो. ‘मी काही असा नाही’ म्हणत घरी जातो.

साडेनऊ, वलगावचा रस्ता

गिलावडा खाऊन निघालो. गाडीत ढोलकी, खंजिरी, एक लुगडं आणि चादरीएवढा कापडी सातबारा. वलगावला पेढी नदी लागते. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर गाडगेबाबांनी इथेच देह ठेवला. बाबासाहेब आंबेडकरांना जाऊन तेव्हा जेमतेम चौदा दिवस झाले होते.

आमच्या कामाचे खरे गुरू गाडगेबाबाच. जन्म अंजनगावकडच्या शेंडगावचा, वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुरीत, मामाकडे. मामाचं शेत सावकाराच्या घशात जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढे आयुष्यभर कर्ज, दारू, नवसाचे बकरे, शिवाशिव यांवर ते गावोगाव बोलले. 1956 च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं अखेरचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, ते आम्ही गाडीत लावतो. नव्या मुलांना मी सांगते, बाबा काय सांगतात ते नंतर ऐका, आधी ते विचारतात कसं ते ऐका. अगदी सोपा, घरगुती प्रश्न. लोक हसत उत्तर देतात. त्या उत्तरातून दुसरा प्रश्न, त्यातून तिसरा. चार-पाच प्रश्नांत माणसं स्वतःच्या तोंडानं कबूल करतात की आपण करतो ते चूक आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसानं हे तंत्र वऱ्हाडच्या धुळीत उभं केलं. प्रेक्षकानंच नाटक थांबवून मध्ये शिरायचं, ही रीत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात मांडली आणि ती जगभर गेली. तिचा मला आदर आहे. पण कार्यशाळांमधून बोआल शिकवताना आपण बाबांचं नावही घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बारा, दर्यापूर

कॉलेजात प्रयोग झाला, टाळ्या झाल्या. ‘नाटकानं काय होते?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. मी जोतिबांच्या ‘तृतीय रत्न’बद्दल सांगितलं. 1855 सालचं नाटक, भटजीच्या थापांनी नागवलं जाणारं शेतकरी जोडपं आणि शेवटी दोघांनीही शाळेची वाट धरणं. मग ‘तेरवं’बद्दल. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं ते नाटक, ज्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका आणि मुली स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांतल्याच वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. पुरणपोळी-भाताच्या पंगतीत जिला मागे बसवतात, ती साहित्याच्या मंडपात सगळ्यांच्या पुढे उभी राहून बोलली. पोरं शांत झाली.

तीन, मूर्तिजापूर तालुक्यातलं एक गाव

हा खारपाणपट्टा. हापशीचं पाणी तोंडात घालवत नाही, चहासुद्धा खारट लागतो. आधी पोलीस पाटलांना भेटलो, मग सरपंचबाईंना. बोलले त्यांचे यजमान. “पारावर करा ना जी, चांगली जागा हाय.”

पारावर नाही, हे मी ठरवून टाकलेलं आहे. पार म्हणजे पुरुषांची बैठक. तिथे सून येत नाही, आली तर डोक्यावरचा पदर सावरण्यातच तिचा वेळ जातो. वस्तीतल्या बायाही पारापासून लांबच उभ्या राहतात. जागा निवडली की प्रेक्षक निवडला जातो. गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याच जाणिवेतून. देवाच्या गावी ज्यांना पाठ टेकायला जागा नव्हती त्यांच्यासाठी, आणि पुढे ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आम्ही जिल्हा परिषद शाळेचं पटांगण धरलं. गावठाण आणि वस्ती दोन्हींना ते सारखंच जवळ पडतं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दवंडी दिली, आणि तरी घरोघर फिरलो, कारण भोंग्यावरचं बोलावणं बायांना आपलं वाटत नाही.

रात्री आठ, पटांगण

खंजिरी वाजली की आधी लेकरं येतात, त्यांना शोधत आया येतात. साडेआठपर्यंत पटांगण भरलं. आयांच्या मागे सासवा, कंपाउंडाशी पुरुष.

प्रयोग त्या प्रसंगापर्यंत आला. दिरानं कागद पुढे केला. आवाज अगदी साजूक. “वहिनी, उद्या मूर्तिजापूरले रजिस्ट्री ऑफिसात जाऊ. एक सही. लेकरायचं मी पायतो.” इथे आमची संहिता संपते. पुढचं लिहिलेलंच नाही. वहिनी पेन उघडते, थांबते आणि प्रेक्षकांकडे वळते, “सांगा, सही करू का?”

पुरुषांकडून पटकन उत्तर आलं. “कर ना. घरातलाच तं हाय.” कुणीतरी म्हणालं, “घरचं भांडन चव्हाट्यावर कायले आनता?” बाया खाली बघत राहिल्या. अशा वेळी नटानं घाई करायची नाही, हे आमच्या तालमीतलं सर्वांत अवघड काम. वहिनीनं पेन तसंच धरून ठेवलं.

मग मागून एक आजी उठल्या. “नोको करू, माय. म्या केली होती. माहा अंगठा होता.”

वहिनी संहितेबाहेर गेली. “मंग काय झालं, आजी?”

“काय होते? दोन साल दाने देल्ले. मंग म्हने, आता तूच पाय तुयं.”

आमचा नवा दीर भूमिका न सोडता म्हणाला, “आजी, मी तसा नाई वो.”

“तोबी असाच म्हने!”

बायांमध्ये हशा फुटला. त्या हशानं काम केलं. एकीनं विचारलं, शेत सासऱ्याच्या नावावर असलं तर? दुसरीनं, पोरगीच असली तर? आम्ही कापडी सातबारा पसरला. सासऱ्यानं स्वतः घेतलेलं शेत असेल तर गोष्ट वेगळी, ते त्याच्या हयातीत त्याचंच. पण वडिलोपार्जित जमिनीत नवऱ्याचा जो हिस्सा, त्याला बायको आणि लेकरं वारस आहेत, मुलगा असो की मुलगी. पटवाऱ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला. मग नोटीस, हरकतीला पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. भाषण पाच मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. पटांगण एकदा बोलायला लागलं की आपण गप्प बसावं.

हक्कसोडाला मी सरसकट अन्याय म्हणत नाही. बहीण भावाला समजून-उमजून हिस्सा सोडते, तो तिचा अधिकार. राग येतो तो कागद न वाचता, न समजावता घेतलेल्या सहीचा, आणि तिला माया म्हणण्याचा.

साडेनऊ

खरी गोष्ट प्रयोगानंतर सुरू होते. सामान बांधताना बाया एकेकट्या येतात आणि कधीच स्वतःचं म्हणून सांगत नाहीत, “माह्या बहिनीचं असं झालं” म्हणतात. आम्ही बहिणीचंच समजून उत्तर देतो. आज एक तरुण बाई आली, कडेवर झोपलेलं लेकरू. तिनं बहिणीचं नाव घेतलं नाही. उद्याच रजिस्ट्रीला जायचं ठरलंय, म्हणाली. तिला सांगितलं, उद्या कागद वाचून दाखवा म्हणा, एवढंच म्हणा. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो; 1987 च्या कायद्यातच तसं आहे. नंबर तिनं मोबाइलवर नको म्हटलं, कागदावर लिहून मागितला.

एक पोलिस शिपाई गर्दीत होता. तो म्हणाला, नाटक चांगलं, पण घरं फुटतील. मी म्हटलं, दादा, आजीचं घर फुटलं नव्हतं का? फक्त त्याचा आवाज झाला नाही.

अकरा, अकोला

बोरगाव मंजूवरून अकोल्यात पोचलो. भाकर, ठेचा, वांग्याचं भरीत. जेवता-जेवता वहीत नोंदी केल्या. कोणी काय विचारलं, कुठे पटांगण गप्प झालं, कुठे हसलं. शेत सासऱ्यानं स्वतः घेतलेलं असेल तर काय, याचं उत्तर आमच्या नाटकात धड येत नाही. तो भाग उद्याच्या तालमीत बसवायचा. दिराला आजींच्या ‘तोबी असाच म्हने’वर काय उत्तर द्यावं सुचलं नव्हतं, म्हणून तो हिरमुसला होता. त्याला सांगितलं, तिथे उत्तर नकोच, तसाच उभा राहा.

दुपारी दोनला बार्शीटाकळीकडे प्रयोग आहे. त्याआधी आमच्यातली दोघं सकाळी मूर्तिजापूरला रजिस्ट्री ऑफिसाच्या बाहेर जाऊन थांबणार आहेत, ती बाई आली आणि बोलली तर तिला विधी सेवा समितीच्या वकिलांपर्यंत नेता यावं म्हणून.