फ्रीझर नुसता गुणगुणतो, चालू होत नाही? आधी कपॅसिटर तपासा!



वाळपईला समुद्र नाही. म्हादईत जाळं टाकून मिळतं तेवढं मिळतं, बाकीची इसवण, बांगडे, सुंगटं किनाऱ्यावरून बर्फात येतात. म्हणून इथल्या विक्रेत्याचा सगळा भरवसा फ्रीझरवर. सकाळी बघावं तर फ्रीझर गुणगुणतोय, कॉम्प्रेसर फिरत नाही आणि मासळी मऊ पडलेली! 'कॉम्प्रेसर गेला' असं समजून मोठा खर्च करण्याआधी एक छोटा डबा तपासून घ्या. तो म्हणजे कपॅसिटर.

तो करतो काय?
सिंगल फेज मोटरला सुरू व्हायला बाजूने धक्का लागतो, वाळूतली होडी पाण्यात ढकलताना लागतो तसा. कपॅसिटर तो धक्का देतो. पाण्याचा पंप, पंखा, मोठा फ्रीझर, सगळीकडे हेच. धक्का कमी पडला की मोटर गुणगुणते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. म्हणजे छोट्या डब्यापायी मोठी मोटर जाते.

तो म्हातारा कसा होतो?
मोटर चालू असेपर्यंत काम करणाऱ्या 'रन' कपॅसिटरमध्ये प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा मुलामा. व्होल्टेज उसळलं की फिल्मला एखादं बारीक भोक पडतं. त्याच्या भोवतीचा मुलामा जळून जातो आणि कपॅसिटर स्वतःच सावरतो. पण दर वेळी थोडी क्षमता कमी होते. जाळ्याला गाठी मारत गेलं तर जाळं टिकतं, पण आखडतं, तसंच हे.

चार्जर, फिश फाइंडर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर यांत दुसरा प्रकार असतो, इलेक्ट्रोलिटिक. त्याच्या आतलं द्रावण उष्णतेने सुकत जातं.

आयुष्य कसं मोजतात?
दहा वर्षं कोण थांबणार? म्हणून कारखान्यात कपॅसिटर मुद्दाम जास्त उष्णतेत, जास्त व्होल्टेजवर चालवतात आणि किती तासांत ढेपाळतो ते बघतात. इलेक्ट्रोलिटिकचा ढोबळ नियम असा: उष्णता 10 अंशांनी उतरली की आयुष्य दुप्पट. 105 अंशांवर 2,000 तास टिकणारा 85 अंशांवर सुमारे 8,000, तर 65 अंशांवर 32,000 तास टिकतो. म्हणून चार्जर बंद पेटीत किंवा इंजिनाशेजारी ठेवू नका.

मोटरच्या कपॅसिटरवर वर्ग छापलेला असतो: ए म्हणजे 30,000 तास, बी 10,000, सी 3,000, डी 1,000. फ्रीझरची मोटर दिवसाला 12 तास फिरली तर 10,000 तास साधारण सव्वादोन वर्षांत भरतात. त्या दिवशी तो मरेलच असं नाही, पण तपासायची वेळ झाली एवढं नक्की.

काय करायचं?
1) डबा फुगलाय, तेल गळतंय, टोकं गंजलीत? लगेच बदला.
2) मेस्त्रीकडून मीटरवर मायक्रोफॅरॅड मोजून घ्या. डब्यावर 10 लिहिलंय आणि मीटर 9 किंवा कमी दाखवतो, तर बदला.
3) नवा घेताना मायक्रोफॅरॅड तेवढेच हवेत. व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालेल, कमी नको. 'स्टार्ट'चा कपॅसिटर 'रन'च्या जागी लावू नका. तो काही सेकंदांपुरताच असतो, सतत चालवला तर फुटू शकतो.
4) मीटर ठीक दाखवत असेल तर व्होल्टेज कमी येतंय का, कॉम्प्रेसर अडकलाय का, ते बघा.

सावधान! प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज राहू शकते. ओल्या हाताने उघडू नका, टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवू नका. जाणकाराने रेझिस्टर लावून तो रिकामा करावा, मीटरवर शून्य बघावं आणि मगच हात लावावा.

होडीवाल्यांनो, 1 जून ते 31 जुलै बंदीच्या काळात जाळी दुरुस्त करतो तसे पंप-चार्जरचे कपॅसिटरही मोजून घ्या. यंत्रं कोरड्या जागी ठेवा, खारी हवा टोकं खाते. आणि नवा कपॅसिटर बसवला की डब्यावर मार्करने तारीख लिहा. पुढच्या वेळी अंदाज करावा लागणार नाही.

पोस्ट आपल्या मासळीवाल्या बहिणींपर्यंतही पोचवा. फ्रीझर त्यांच्याकडेच जास्त!